गर्भारपणाचे अखेरचे दिवस आणि घरचा निर्णय

व्यापारी कुटुंबात सुनेला किंवा लेकीला सातवा महिना लागला की तयारीस प्रारंभ होतो. गोदभराईचा मुहूर्त पाहिला जातो, बाळंतपण माहेरी की सासरी हे ठरते, प्रसूतिगृहाचे नाव निश्चित होते, खर्चाची रक्कम बाजूला काढून ठेवली जाते. लाडवांसाठी डिंक आणि सुका मेवा कोणाकडून आणावयाचा, इथपर्यंत सारे बोलून झालेले असते. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत बोलली जात नाही. रात्री दोन वाजता तिला काही वेगळे वाटू लागले, तर दवाखान्यात निघण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा? उधारीची मर्यादा कोणी वाढवावयाची, धनादेशावर सही कोणाची, दुकानाची किल्ली कोणाजवळ, हे सारे ज्या घरात वर्षानुवर्षे ठरलेले असते, त्याच घरात हा प्रश्न मोकळा राहतो. आणि वेळ येते तेव्हा सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूंच्या कारणांचा विचार करताना तीन विलंबांची मांडणी केली. पहिला विलंब मदत घेण्याचा निर्णय होण्यात, दुसरा दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात, आणि तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यात. आज तीस वर्षांनंतरही मातामृत्यूंचा शोध घेताना याच मांडणीचा आधार घेतला जातो. शहरात किंवा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सुस्थितीतील व्यापारी घराला दुसरा विलंब फारसा होत नाही. दारात गाडी असते, पैसा असतो, ओळखीचे डॉक्टर असतात. तिसराही पुष्कळ अंशी टाळता येतो. उरतो तो पहिला, आणि तो घराच्या उंबरठ्याच्या आत घडतो. भारतात २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३३ होते. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या तुलनेत पुष्कळ चांगला आहे यात शंका नाही. पण हे सरासरीचे आकडे आहेत, आणि ज्या घरात घटना घडते त्या घराला सरासरीचा काही उपयोग नसतो. शिवाय माता वाचते आणि बाळ जाते, अशा घरांची नोंद या आकड्यात येतच नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत जुनी आणि मायेची आहे. मुलगी आईजवळ निश्चिंत असते, हे खरे. परंतु निर्णयाच्या दृष्टीने याच रीतीत एक अडचण दडलेली असते. लेक आता दुसऱ्या घरची, तिच्याबाबत काही करावयाचे तर त्या घरच्यांना विचारल्याखेरीज कसे करावे, असा संकोच आईवडिलांना वाटतो. मध्यरात्री मुलीचे डोके असह्य दुखू लागते. वडील म्हणतात, "एकदा विहीणबाईंच्या कानावर घालू या." विहीणबाईंचा फोन लागत नाही. जावईबापू खरेदीसाठी सुरतेला गेलेले असतात. ते गाडीत असतात, आवाज तुटतो. मग व्याह्यांना उठवावे की नको यावर चर्चा होते. शेवटी कोणीतरी म्हणते, "सकाळी आठला डॉक्टर येतीलच, तोवर पाहू." कोणाचीही नियत वाईट नसते. प्रत्येकाला दुसऱ्याचा मान राखावयाचा असतो. आणि या मानापमानात दोन तास निघून जातात.

सासरीही चित्र फार वेगळे नसते. सासूबाईंना उठविण्याचा सुनेला संकोच, नवऱ्याला वडिलांना विचारण्याची सवय, आणि वडिलांना वाटते की हा बायकांचा विषय, त्यांनीच ठरवावे. यास्तव सातव्या-आठव्या महिन्यातच, सर्वजण शांत असताना, दोन्ही घरांनी एकत्र बसून स्पष्ट बोलून घ्यावे. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर या खात्यावर 'कोणाही एकाच्या सहीने व्यवहार' अशी सूचना हवी. 'दोघांची सही आवश्यक' अशी नको. आणि त्या 'कोणाही एका'त पहिले नाव त्या स्त्रीचे स्वतःचे हवे. "मला ठीक वाटत नाही" असे तिने म्हटले की गाडी काढावी, आणि फोन वाटेत करावेत. सासूबाईंनीच सुनेला अगोदर सांगून ठेवावे, "बेटा, रात्री काही वाटलं तर मला उठवायला लाजू नकोस, आणि मी 'थांब' म्हटलं तरी थांबू नकोस." हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून आले तरच त्याला बळ येते, सुनेने ते मागून घेणे अवघड असते.

आता कोणत्या लक्षणांवर थांबू नये, याविषयी. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पुढचा काळ येथे अभिप्रेत आहे. ज्या डॉक्टरांकडे नाव घातले आहे त्यांनी एखाद्या स्त्रीला वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळावी.

सर्वांत अधिक फसगत होते ती रक्तदाबाच्या विकारात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि वेळीच लक्ष न दिल्यास झटके येऊ शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर तो गर्भवतीसाठी वाढलेला समजावा. १६०/११० ही तातडीची अवस्था होय. परंतु घरी प्रत्येकाकडे यंत्र नसते, आणि रक्तदाब वाढलेला स्त्रीला जाणवतोच असे नाही. जाणवतात ती पुढची लक्षणे: साध्या गोळीने न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा काजवे चमकणे, बरगड्यांच्या खाली, विशेषतः उजव्या बाजूस, दुखणे, आणि चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी आलेली सूज. पायांवर थोडी सूज अखेरच्या महिन्यांत अनेकींना येते; पण सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसणे किंवा कालपर्यंत बोटात फिरणारी अंगठी आज न निघणे ही वेगळी गोष्ट आहे.

फसगत होते ती अशी की यातील प्रत्येक लक्षणाला घरात एक तयार कारण सापडते. डोके दुखले, तर "काल एकासणे होते, त्याने दुखत असेल." पोटाच्या वरच्या भागात कळ आली, तर "पित्त झाले," म्हणून दुकानातून पित्तावरचे चूर्ण मागविले जाते. डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "सण आहे, दगदग झाली." तिन्ही कारणे खरीही असू शकतात. पण ती खरी आहेत की नाहीत हे रक्तदाब मोजल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही, आणि मोजण्यास पाच मिनिटे लागतात. पूर्वी गर्भवतीला झटके आले की बाहेरची बाधा समजून मांत्रिकाला बोलावीत. आज सुशिक्षित घरात मांत्रिक येत नाही. त्याची जागा चूर्णाने घेतली आहे, एवढाच फरक. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि साधे औषध उपलब्ध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे सिद्ध झाले. उपाय इतका जवळ असताना तो मिळण्यापूर्वीच वेळ गेली, तर ती हानी घराच्या पदरी येते.

दुसरी बाब बाळाच्या हालचालींची. येथे घरोघरी एक चुकीची समजूत खोलवर रुजलेली आहे, ती अशी की नववा महिना भरत आला की पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलते. वस्तुस्थिती अशी की हालचालीचा प्रकार बदलतो. लाथा मारण्याऐवजी वळवळणे, सरकणे, ढकलणे असे जाणवते. पण हालचाली कमी होत जाणे हे दिवस भरल्याचे लक्षण नव्हे. प्रत्येक बाळाची स्वतःची लय असते. कोणी सकाळी शांत आणि रात्री चळवळे असते, कोणी आईने जेवण केल्यावर हलू लागते. ही लय त्या आईला ठाऊक असते, इतर कोणालाही नसते. काही डॉक्टर डाव्या कुशीवर निवांत पडून दोन तासांत दहा हालचाली मोजण्यास सांगतात. हा हिशेब उपयोगी आहे, परंतु दहा पूर्ण झाल्या म्हणून मनातली शंका मोडीत काढू नये. नेहमीपेक्षा वेगळे वाटते, कमी वाटते, हेच निघण्यास पुरेसे कारण आहे. थंड सरबत पाजून, पोटावर थोपटून, गोड खाऊ घालून बाळाला 'जागे' करण्याच्या प्रयत्नांत संध्याकाळची सकाळ होऊ देऊ नये. हल्ली बाळाचे ठोके ऐकविणारी छोटी यंत्रे बाजारात मिळतात, आणि हौसेने घेतलीही जातात. अशा यंत्रात आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा म्हणून ऐकू येऊ शकतो. आणि ठोके खरोखर बाळाचे असले तरी बाळ सुखरूप आहे एवढे त्यावरून ठरत नाही. ते यंत्र दवाखान्यातच, जाणत्या माणसाच्या हाती शोभते.

रक्तस्रावाबाबत तर चर्चेला जागाच नाही. अखेरच्या तिमाहीत अंगावर लाल रक्त गेले, दुखत असो वा नसो, थोडे असो वा फार, लगेच निघावे. वार गर्भाशयाच्या तोंडापाशी खाली असेल तर होणारा रक्तस्राव बहुधा वेदनेविना असतो, आणि म्हणूनच तो फसवा ठरतो. पहिल्या वेळी थोडे जाऊन थांबते, घरचे निर्धास्त होतात, आणि पुढचा स्राव मोठा असू शकतो. याच्या उलट, वार आपल्या जागेवरून सुटू लागली तर पोट लाकडासारखे कडक होते, सतत दुखते, आणि रक्त आतच साठल्यामुळे बाहेर अगदी थोडे दिसू शकते. म्हणजे बाहेर किती गेले यावरून आत काय चालले आहे हे ठरविता येत नाही. दिवस भरल्यानंतर रक्ताच्या पुसट रेषा असलेला चिकट स्राव जाणे हे कळा जवळ आल्याचे चिन्ह असू शकते. तेही फोनवर डॉक्टरांना सांगावे; घरातल्या कोणी 'हे तेच' असा निवाडा देऊ नये.

दुचाकीवरून जाताना गाडी खड्ड्यात आदळली, जिन्यावरून पाय घसरला, पोटावर मार बसला, तर काहीही दुखत नसले तरी दाखवावे. मार लागल्यानंतर काही तासांनीही वार सुटू लागण्याची शक्यता असते. आणि जिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे तिने तर रक्तस्राव किंवा मार यांनंतर हे आवर्जून सांगावे. तिला ७२ तासांच्या आत विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागू शकते. रक्तगटाचा कागद म्हणूनच फाईलमध्ये सर्वांत वर असावा.

पाणमोट फुटली आणि धो धो पाणी गेले तर कोणी थांबत नाही. शंका येते ती थेंब थेंब ओलसर होत राहते तेव्हा. लघवी असेल, असे म्हणून दिवस काढला जातो. अशा वेळी स्वच्छ पांढरा पॅड लावावा, ओलावा वाढत आहे का आणि रंग कोणता आहे ते पाहावे, आणि शंका असेल तर त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण पाणी जाऊ लागल्यावर जितका वेळ जातो तितका संसर्गाचा धोका वाढतो. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, त्याला दुर्गंधी असेल, तर क्षणाचाही विलंब नको. पाणी गेल्यावर योनिमार्गात नाळ आल्यासारखे जाणवले, तर स्त्रीने गुडघे आणि कोपरे टेकून डोके खाली व कंबर वर अशा स्थितीत राहावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. हे क्वचित घडते. पण घडले तर मिनिटांचा प्रश्न असतो.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी कळा येऊ लागल्या, कंबर ठराविक अंतराने भरून येऊ लागली, ओटीपोटात खाली दाब जाणवू लागला, तर 'अजून वेळ आहे' या हिशेबावर स्वस्थ बसू नये. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण होण्याची शक्यता असताना आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि जन्मानंतर त्याला श्वासाचा त्रास कमी होतो. या औषधाचा पूर्ण परिणाम होण्यास साधारण एक दिवस लागतो. म्हणजे संध्याकाळी पोहोचलेली आणि पहाटे पोहोचलेली स्त्री यांच्या बाळांमध्ये त्या एका रात्रीचा फरक पडू शकतो. मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळचे गोव्याचे, यांच्या नावाने गर्भाशयाच्या मुखाला घालावयाचा टाका जगभर ओळखला जातो. ज्यांना असा टाका घातलेला आहे त्यांनी कळांची किंवा पाणी जाण्याची चाहूल लागताच निघावे. टाका असल्याने आता काही होणार नाही, असे समजू नये. टाका तसाच राहून कळा वाढल्या तर गर्भाशयाच्या मुखास इजा होते.

दिवस पूर्ण भरल्यावर खऱ्या कळा आणि खोट्या कळा यांत भेद करावा लागतो. खोट्या कळा अनियमित असतात आणि चालल्याने, कूस बदलल्याने किंवा पाणी प्याल्याने थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांतील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी कळा येत असून तासभर तसेच चालू असेल तर निघण्याची वेळ झाली, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. दुसऱ्या बाळंतपणाला इतका वेळ मिळत नाही. आणि पूर्वी सिझेरियन झालेले असेल तर कळांची सुरुवात होताच जावे. प्रसूतिगृह पन्नास किलोमीटर दूर जिल्ह्याच्या गावी असेल तर हा सारा हिशेब त्या अंतराने आणखी अलीकडे आणावा लागतो.

काही गोष्टी थोडक्यात. अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटणे आणि ती रात्री वाढणे हा उष्णतेचा प्रकार समजून चंदनाचा लेप लावीत बसू नये. यकृताशी संबंधित विकाराची ती खूण असू शकते आणि रक्ततपासणीने कळते. ताप, लघवीची जळजळ, एकाच पायाच्या पोटरीला आलेली सूज व दुखणे याही त्याच दिवशी दाखविण्याच्या गोष्टी आहेत. एकाएकी लागलेली धाप किंवा छातीत दुखणे असेल तर तत्क्षणी निघावे.

जैन घरात आणखी एका विषयाचा विचार करावा लागतो, आणि तो आदरपूर्वक करावा. अखेरच्या महिन्यांत पर्युषण आले, तर अनेक स्त्रियांना उपवास करण्याची तीव्र इच्छा असते. सासरी सर्वांची तपश्चर्या चालू असताना आपण मागे राहतो, ही खंतही असते. परंतु शरीरातील पाणी कमी झाले की पोट वारंवार कडक होऊ लागते, चक्कर येते, बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटते. आणि मग ही लक्षणे उपवासाची की विकाराची हे ओळखणे आणखी कठीण होते. रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या स्त्रीने तर डॉक्टरांच्या संमतीविना उपवास धरूच नये. पच्चक्खाणात आगार सांगितलेले आहेत, आणि तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे, हे अनेक घरांत ठाऊक असूनही प्रसंगी कोणी उच्चारत नाही. गावात साधू-साध्वींचा चातुर्मास असेल तर त्यांना अगोदरच विचारून घ्यावे. रात्रीच्या वेळी सुनेने औषध घ्यावे की नाही यावर वाद होण्यापेक्षा ते केव्हाही बरे. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीने आपल्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठरवून घ्याव्यात. पुष्कळ गोळ्यांच्या वेळा बदलता येतात, पण तो बदल डॉक्टरांनी करावयाचा असतो. रात्रीची गोळी मनाने गाळणे हे रक्तदाबाच्या रुग्णेसाठी धोक्याचे आहे. जाता जाता, तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर पहिला प्रश्न "शेवटचे केव्हा खाल्ले?" असा विचारतात. चौविहार करणाऱ्या घरात त्याचे उत्तर घड्याळ न पाहता देता येते.

संकोच हा आणखी एक अडसर. अंगावरून काय जाते, कोठे दुखते, हे नवऱ्याला सांगण्याची लाज, सासऱ्यांच्या कानावर जाईल याची लाज, पुरुष डॉक्टर असतील तर त्याची लाज. हा संकोच आजचा नाही. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. स्त्रियांना उपचार मिळत नाहीत या अनुभवातून त्यांनी वैद्यकशिक्षणाचा ध्यास घेतला आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळविली. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी स्त्री डॉक्टर आहेत. तरीही ज्या घरात स्त्रीला 'रक्त गेले' हे शब्द उच्चारता येत नाहीत, त्या घरापुरते १८८६ साल अजून आलेले नाही. ज्यांना बोलणे जमत नाही त्यांनी नवऱ्याला लिहून कळविण्याचे ठरवावे. दोन शब्दांचा संदेश पुरतो.

व्यापारी घराची जबाबदारी स्वतःच्या सुनेपाशी संपत नाही. दुकानात काम करणारा विक्रेता, गोदामातील हमाल, घरी स्वयंपाकास येणारी बाई यांच्या घरीही कोणाला तरी नववा महिना लागलेला असतो. त्यांच्याकडे पहिल्याबरोबर दुसरा विलंबही असतो. गाडी नाही, हाती रोकड नाही, आणि हंगामात रजा मागितली तर शेठ रागावतील ही धास्ती. उचल मागण्याचा विचार करीत माणूस संध्याकाळपर्यंत थांबतो. अशा माणसाला मालकाने अगोदरच सांगून ठेवावे की रात्री-बेरात्री फोन कर, गाडी नेता येईल, रजेचे नंतर पाहू. त्याला हेही सांगावे की महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात बाळंतपण, औषधे आणि जाण्यायेण्याची सोय विनामूल्य आहे, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांवर गर्भवतींची तपासणी होते. दुकानाच्या भिंतीवर जेथे बाजारभाव आणि सुट्ट्यांची यादी लावलेली असते, तेथे हे क्रमांक लिहून ठेवण्यास खर्च येत नाही.

फोन करतानाची पद्धतही ठरलेली असावी. किती आठवडे झाले, कोणते लक्षण, केव्हापासून, बाळ शेवटचे केव्हा हलले, पूर्वीचे सिझेरियन, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास, रक्तगट, एवढे शक्यतो त्या स्त्रीने स्वतः सांगावे. दिरांनी वहिनींच्या वतीने, त्यांनी सासूबाईंकडून ऐकलेले डॉक्टरांना सांगावे, अशा मार्गाने गेलेला निरोप अर्धा पोहोचतो. डॉक्टरांचा फोन लागला नाही तर वाट पाहू नये. प्रसूतिगृह चोवीस तास उघडे असते. मात्र त्या प्रसूतिगृहात रात्री भूलतज्ज्ञ येतात का, रक्त कोठून आणावे लागते, बाळासाठी काचेच्या पेटीची सोय तेथेच आहे की अन्यत्र हलवावे लागेल, हे प्रश्न नाव घालतानाच विचारावेत. खोलीला वातानुकूलन आहे का हे सर्वजण विचारतात. रक्ताचे कोणी विचारत नाही.

फाईल आणि कपड्यांची पिशवी आठव्या महिन्यापासून दाराजवळच्या कपाटात ठेवावी. गाडीच्या किल्लीची जागा सर्वांना ठाऊक असावी, आणि रात्री गाडी चालवू शकणारे किमान दोघे गावात आहेत याची खातरजमा असावी. दोन्ही भाऊ एकाच वेळी खरेदीस बाहेरगावी जाणार असतील तर शेजाऱ्यांना किंवा मुनीमजींना सांगून ठेवावे.

आणि पुष्कळदा असे होईल की मध्यरात्री धावपळ करून गेल्यावर डॉक्टर तपासतील, पट्टा लावून बाळाचे ठोके पाहतील, रक्तदाब घेतील आणि "सर्व ठीक आहे, घरी जा" म्हणून सांगतील. त्या रात्री परतताना गाडीत कोणीही "उगाच पळापळ केली" असे बोलू नये. ते एक वाक्य तिच्या मनात राहते, आणि पुढच्या वेळी ती सांगताना दहादा विचार करते. काही स्त्रियांना दोन-तीन वेळा असे जावे लागते. परत पाठविताना डॉक्टरांना एवढेच विचारून घ्यावे, की आता कोणते लक्षण दिसले तर पुन्हा यावयाचे. आणि ते उत्तर तारीख व वेळ घालून फाईलच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे.